लग्नकार्य आणि घराचा जमाखर्च



तुळशीचे लग्न लागले की गावोगावी सुपाऱ्या फुटू लागतात आणि वैशाख-ज्येष्ठापर्यंत मांडवांची धामधूम चालू राहते. लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणीत कौतुक आहे, तसाच इशाराही आहे. सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात एवढा मोठा खर्च दोन-चार वेळाच येतो; परंतु तो एकदा हाताबाहेर गेला, तर त्याची झळ पुढे कित्येक वर्षे सोसावी लागते.

शेतकरी कुटुंबाच्या बाबतीत या खर्चाची वेळही विचारात घेण्यासारखी आहे. सोयाबीन-कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हाती येतात. बहुतेक लग्ने मात्र उन्हाळ्यात, मृगाच्या तोंडावर होतात. बियाणे, खते आणि मजुरी यांसाठी राखून ठेवलेली रक्कम नेमकी त्याच वेळी मांडवाखाली जाते. मग पेरणीसाठी कर्ज काढणे भाग पडते. हे कर्ज वहीत खरिपाच्या नावावर पडते, परंतु वास्तविक ते लग्नाचेच असते.

दोष केवळ उधळपट्टीचा नव्हे

शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे विधान सहजपणे केले जाते. ते न्यायाचे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने या प्रश्नाचा मुद्दाम विचार केला. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा त्या मंडळाचा निष्कर्ष होता. रयतेच्या ऐपतीच्या मानाने हा खर्च जास्त असतो, हे मंडळाने मान्य केले. परंतु कर्जाचे मूळ त्यात क्वचितच आढळते, असेही नमूद केले. धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी घेतलेल्या लहान-लहान रकमाच साचत जाऊन कर्ज फुगत होते. पुढे १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला.

या निष्कर्षातून घ्यावयाचा बोध असा, की ज्या घरावर आधीच थोडेफार देणे आहे, त्या घराला लग्नाचा बोजा पेलवत नाही. म्हणून अशा कुटुंबाला नावे ठेवण्यापेक्षा त्याला हिशेबाची जोड देणे अधिक उपयुक्त ठरेल.

व्याजाचा हिशेब

खाजगी सावकारीत व्याज दरमहा शेकडा अमुक रुपये असे बोलले जाते. ‘तीन टक्के’ हा शब्द कानाला सौम्य वाटतो. पण तो महिन्याचा दर असतो. वर्षाला तोच ३६ टक्के होतो. समजा, एका कुटुंबाने लग्नासाठी या दराने २ लाख रुपये घेतले. दरमहा ६ हजार आणि वर्षाला ७२ हजार रुपये केवळ व्याजाचे झाले. पावणेतीन वर्षांच्या सुमारास व्याजाची रक्कम मुद्दलाइतकी होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. हेच कर्ज वार्षिक १२ टक्के दराने मिळाले, तर पहिल्या वर्षाचे व्याज २४ हजारांच्या पुढे जात नाही.

आता याच्या उलट बाजू पाहावी. एखाद्या कुटुंबाने आवर्ती ठेवीत दरमहा १ हजार रुपये पाच वर्षे भरले, तर ६० हजार रुपये जमा होतात आणि व्याज सहा टक्के धरले तरी हाती सुमारे ७० हजार येतात. या कुटुंबाने आधी बचत न करता ७० हजार रुपये दरमहा तीन टक्क्यांनी उसने घेतले, तर व्याजच महिन्याला २,१०० रुपये होते. म्हणजे दरमहा १ हजार रुपये फेडूनही निम्मे व्याजसुद्धा भागत नाही. लग्नाआधी पाच वर्षे भरलेला हजार रुपया घर तारतो. लग्नानंतर भरलेला तोच हजार रुपया व्याजाला पुरत नाही. हे उदाहरण शाळेच्या फळ्यावर मांडण्याजोगे आहे.

याद्यांच्या बैठकीत तिसरा रकाना

सोयरीक जुळली की याद्या होतात. कोणी काय द्यावे आणि कोणी काय करावे, हे दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कागदावर लिहून घेतात. या कागदावर बाब आणि रक्कम असे दोन रकाने असतात. त्यांच्या शेजारी ‘पैसा कोठून येणार’ असा तिसरा रकाना आखला, तर निम्मे काम होईल. बस्ता, दागिना, मांडव, जेवणावळ, वाजंत्री, आहेर, मानपान आणि वरात यांपैकी प्रत्येक बाबीपुढे शिलकेतून, पिकाच्या पैशातून की उसनवारीने, हे लिहावे. उसनवारीच्या बाबी एकत्र केल्या, म्हणजे कोठे हात आखडता घ्यावयाचा ते आपोआप कळते. जेवणाची पाने आणि आहेराची लुगडी-टोप्या कमी केल्याने लग्न अडत नाही. बियाण्याचे पैसे मात्र या कागदावर कोणत्याही रकान्यात येता कामा नयेत.

हुंडा हा या यादीचा विषयच नव्हे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. ‘मुलीच्या हौसेखातर’ असे नाव दिल्याने मागणीचे स्वरूप बदलत नाही.

पूर्वतयारीचे मार्ग

मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतील रक्कम मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर उच्च शिक्षणासाठी अंशतः काढता येते. तिचा पहिला उपयोग शिक्षणासाठीच व्हावा, हे इष्ट. महिला बचत गटातील अंतर्गत कर्ज हाही सावकाराच्या दारापेक्षा चांगला मार्ग आहे; तेथे व्याज गटातच राहते. पीककर्ज मात्र लग्नात वापरू नये. मुदतीत फेडलेल्या पीककर्जाला व्याजसवलत मिळते; मुदत टळली की सवलतही जाते आणि पुढील हंगामाचे कर्जही अडते.

उसनवारी अटळच झाली, तर सावकाराकडे परवाना आहे किंवा नाही, हे पाहावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. त्याविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देणे आणि कर्जाच्या बदल्यात जमिनीचे खरेदीखत करून देणे, या दोन गोष्टी कोणत्याही अडचणीत टाळल्या पाहिजेत.

पुढाकार कोणी घ्यावा?

साध्या विवाहाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह लागला. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) गावोगावच्या कीर्तनांतून कर्ज काढून सण साजरे करू नका आणि मुलांना शिकवा, असेच सांगितले. शासनाच्या महिला व बालविकास विभागाने सामूहिक आणि नोंदणीकृत विवाहांसाठी शुभमंगल योजना आखली.

तरीही सामूहिक विवाहाला पुष्कळ घरे कचरतात. त्यात सहभागी होणारा तो गरीब, असा शिक्का बसण्याची भीती त्यांना वाटते. हा शिक्का उपदेशाने पुसला जाणार नाही. गावातील बागायतदार, पगारदार, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांच्या घरची मुले-मुली त्याच मांडवात बोहल्यावर उभी राहिली, तरच तो पुसला जाईल. ज्यांची ऐपत आहे त्यांच्या मांडवावरून गावात मांडवाचे माप ठरते आणि ज्यांची ऐपत नाही ते त्या मापाने कर्ज काढतात. म्हणून काटकसरीचा आरंभ वरच्या आळीपासून झाला पाहिजे.

ग्रामपंचायतीला करण्याजोगी कामेही थोडी नाहीत. पंचायतीने किंवा बचत गटाने भांडी, सतरंज्या व मांडवाचे सामान अल्प भाड्याने उपलब्ध करून द्यावे. समाजमंदिर लग्नकार्यास खुले ठेवावे. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत लग्नखर्च व व्याज यांचा हिशेब एकदा वाचून दाखवावा. जेवणाच्या पानांची आणि आहेराची मर्यादा ग्रामसभेने एकमताने ठरविली, तर एकेका कुटुंबाला नकार देण्याचा संकोच उरत नाही. ‘गावाचे असे ठरले आहे’ एवढे सांगितले, की पाहुण्यांचा रुसवाही ओसरतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण सर्वांना पाठ आहे. अंथरूण किती लांब आहे, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही आणि ते मोजण्याची वेळ लग्न ठरण्यापूर्वीची असते. मांडव उतरल्यानंतर आलेल्या मृगात त्या घरी बियाणे होते काय आणि धाकट्या भावंडांची शाळा चालू राहिली काय, यावरून ते कार्य कसे पार पडले ते ठरवावे.