भिंत गरम लागतेय: कॅम्परमध्ये उशाशी चार्जिंग पोर्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली 'म्हणजे' आणि 'तर'ची गर्दी थोडी कमी केली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यावर काय एवढं बोलायचं? कॅम्परमध्ये बेडजवळ यूएसबीचं पोर्ट. भोक पाडायचं, पोर्ट बसवायचं, दोन वायरी जोडायच्या, झालं. मलाही असंच वाटलं होतं, आणि मी तसंच केलंही होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी आधी गाडी. आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आधीच्या मालकाने कॅम्पर करून घेतलेली. मागे आडवा डबल बेड, त्याच्या वर माझ्या मुलीचा अरुंद बर्थ, आणि पुढे बाकं जोडून आईची झोपायची जागा. ड्रायव्हरच्या मागच्या बाकाखाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण १२८० वॉट-अवर वीज.

आम्ही आधी काय करायचो, तर इन्व्हर्टर चालू करून घरचेच चार्जर लावायचो. बॅटरीची १२ व्होल्ट वीज इन्व्हर्टरने २३० करायची, आणि लगेच चार्जरने ती परत ५ किंवा ९ व्होल्टवर आणायची. दोन्हीकडे थोडी थोडी गळती. पण त्याहून मोठी गंमत म्हणजे इन्व्हर्टरला काहीही जोडलेलं नसलं तरी तो स्वतःसाठी वीज घेतो. आमचा साधारण १२ वॉट घेत होता. रात्रीचे आठ तास धरले तर ९६ वॉट-अवर. आणि ५००० एमएएचचा एक फोन शून्यापासून भरायला, गळती धरून, वीस-पंचवीस वॉट-अवर लागतात. म्हणजे आमचे चार फोन भरायला जेवढी वीज, तेवढीच तो नुसता चालू राहायला खायचा. वर पंख्याची घरघर. आणि सॉकेट एकच, ते किचनजवळ. रात्री पाणी प्यायला उठलं की पायात वायरींचं जाळं.

काही जण म्हणतील, पॉवर बँक घ्या की! बरोबर आहे. शनिवार-रविवारच्या सहलीला १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते, आणि कॅराव्हॅन भाड्याने घेतली असेल तर तिच्या भिंतीला ड्रिल लावायचा विचारही करू नका. आमची अडचण वेगळी होती. आईला ऐकू येण्याची मशीन आहेत, चार्जिंगवाली. रात्री ती काढून छोट्या डबीत ठेवायची, डबी रात्रभर चार्जिंगला. ही डबी इतका कमी करंट घेते की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं, काही जोडलेलंच नाही, आणि त्या थोड्या वेळाने स्वतःहून बंद होतात. दोन सहलींत असं झालं की सकाळी मशीन अर्धी भरलेली आणि दुपारी दोनच्या सुमाराला आईचा संपर्क तुटला. ती काही बोलत नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसते. ते बघवत नव्हतं. म्हणून उशाशी पोर्ट हवंच होतं.

गाडीत मुलीच्या बर्थजवळ एक जुनं पोर्ट होतंच. २.१ अँपिअरवालं, आपण गाड्यांत बघतो ते. ५ व्होल्ट गुणिले २.१, म्हणजे दहा वॉट. फोन रांगत रांगत चार्ज व्हायचा. मी आईच्या जागी नवीन पोर्ट बसवलं, ते नीट बसलं. मग हात शिवशिवायला लागले. मुलीच्या बर्थचं जुनं पोर्ट काढलं आणि त्याच भोकात नवं बसवलं: एक टाइप-सी ६५ वॉटचं, एक साधं १८ वॉटचं. मागे दोन वायरी लोंबत होत्या, लाल आणि काळी. त्याच नव्या पोर्टला खोचल्या. लाइट लागला. वीस मिनिटांत काम झालं, चहा घेतला, फोटो ग्रुपवर टाकला.

डिसेंबरात दिवेआगरला गेलो होतो, ताम्हिणीमार्गे. रात्री एका सुपारीच्या वाडीत गाडी लावलेली. बायकोला ऑफिसचं काहीतरी पाठवायचं होतं, म्हणून ती लॅपटॉप घेऊन खालच्या बेडवर बसलेली, आणि लॅपटॉपची केबल वरच्या बर्थच्या त्या नव्या पोर्टला. दुसऱ्या भोकात मुलीचा टॅब. साडेदहाच्या सुमाराला मुलगी म्हणाली, "बाबा, माझी भिंत गरम लागतेय."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "अगं, दिवसभर उन्हात उभी होती गाडी. झोप आता."

डिसेंबरची रात्र. सूर्य मावळून चार तास झालेले. मी हे सगळं जाणत होतो आणि तरी म्हणालो, कारण मला झोप आली होती.

तासाभराने वास आला. प्लास्टिक तापल्याचा, गोडसर, घशात बसणारा. मी उठून आधी मुलीला खाली घेतलं आणि मग बॅटरीचा मेन स्विच बंद केला. क्रम उलटा असला पाहिजे का, यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत नाही. मग मोबाइलच्या उजेडात भिंतीची प्लायवूडची पट्टी उघडली. आत दोन वायरी पीळ देऊन जोडलेल्या, वर काळी टेप. टेप वितळून डिंकासारखी झालेली. मागच्या प्लायवर रुपयाएवढा तपकिरी डाग. आणि तिथून दोन बोटांवर गादीचा फोम.

उरलेली रात्र चौघंही खाली झोपलो. म्हणजे तिघं झोपले.

पुण्यात आल्यावर मल्टीमीटर घेऊन बसलो. बायको शेजारी आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभी, आणि तिचा चेहरा असा की तो माझ्यावरच मारेल. लॅपटॉप जोडला, दोन-तीन मिनिटांपुरताच. बॅटरीवर १३ व्होल्ट. पोर्टच्या मागे ११.३. मधले १.७ व्होल्ट गेले कुठे? करंट होता साधारण ६ अँपिअर. ६ गुणिले १.७, म्हणजे दहा वॉट. हे दहा वॉट आमच्या भिंतीत उष्णता होऊन बसत होते. आणि त्यातले निम्म्याहून जास्त त्या एका इंचभर जॉइंटमध्ये. तुम्ही प्रोजेक्टला जी सोल्डरिंग आयर्न वापरता ती २५ वॉटची असते. तिचा पाचवा हिस्सा मी मुलीच्या उशाशी, फोमच्या मागे, चालू ठेवला होता.

झालं काय होतं बघा. त्या वायरी मुळात वाचायच्या दिव्यासाठी टाकलेल्या, एक स्क्वेअरच्या. दिव्याचे तीन वॉट. कोणीतरी नंतर तिथे पीळ देऊन दहा वॉटचं पोर्ट जोडलं. तेही चाललं, कारण बॅटरीकडून एक अँपिअरच येत होता. मी तिथे लॅपटॉप जोडला आणि करंट सहापट झाला. आणि जॉइंटमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सहापट करंट म्हणजे छत्तीसपट उष्णता. दहावीच्या पुस्तकातलं आहे हे, जूलचा नियम. मार्क मिळाले होते मला त्याचे.

आता फ्यूजबद्दल, कारण हा प्रश्न येणारच. होता की फ्यूज. त्या लाइनला हिरवा, म्हणजे ३० अँपिअरचा, एक स्क्वेअरच्या वायरीला. ज्या वर्कशॉपने तो बसवला त्याला काय म्हणायचं ते मी माइकवर म्हणत नाही. फ्यूज वायर वाचवायला असतो, म्हणून वायर जेवढं झेपवेल त्याच्या आतलाच हवा. पण खरी धास्ती पुढेच आहे. समजा तिथे अगदी योग्य, १० अँपिअरचा लाल फ्यूज असता. तो उडाला असता का? नाही. करंट सहाच होता. खराब जॉइंट फ्यूजला दिसतच नाही. त्याला फक्त जास्त करंट कळतो. ठिकठाक करंट एका सैल पिळातून जाताना तापतोय, हे कळणारं त्या गाडीत एकच यंत्र होतं आणि त्याला मी झोप म्हणालो.

तर मग सगळं काढलं आणि नव्याने टाकलं. तापकीर गल्लीतून वायर आणली, नाना पेठेतून फ्यूज बॉक्स आणि थिंबल. वायर मल्टिस्ट्रँड, बारीक तारांची. घरातली एकाच जाड तारेची वायर गाडीत घालू नका, हादऱ्यांनी ती स्क्रूपाशी तुटते. बॅटरीपासून मागच्या बेडपर्यंत सहा स्क्वेअरची मेन लाइन. तिचा ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज पोर्टजवळ बसवून उपयोग नाही, कारण मधली पाच मीटर वायर कुठे पत्र्याला घासली तर तिला अडवणारं कोणी नाही. मागे कपाटात छोटा फ्यूज बॉक्स, तिथून प्रत्येक पोर्टला वेगळी अडीच स्क्वेअरची वायर आणि वेगळा १० अँपिअरचा फ्यूज. भिंतीच्या आत एकही जॉइंट नाही. हा माझा हट्ट. जोडायचं ते सगळं कपाटात, जिथे हात पोचतो आणि डोळ्याला दिसतं. दिव्यांना त्यांची जुनी लाइन ठेवली, फक्त फ्यूज बदलून ५ चा केला.

वायरीला थिंबल लावताना पकडीने चेपू नका. क्रिंपिंग टूल मिळतं, कुणाकडून तरी मागून आणा. चेपून झालं की वायर जोरात ओढून बघा. माझी पहिली तीन हातात आली. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घालायचा. आणि गाडीच्या मूळ वायरिंगला, इंजिनच्या बॅटरीला अजिबात हात लावायचा नाही, हे सगळं फक्त घराच्या बॅटरीवर. हे वाचून हात थरथरत असतील तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण जाताना वायरीचा आणि फ्यूजचा आकडा तुमच्या तोंडात असू द्या.

सगळं जोडल्यावर तोच लॅपटॉप, तोच मल्टीमीटर. बॅटरीवर १३, पोर्टमागे १२.७.

पोर्ट घेताना एक बघा: डब्यावर मोठ्या अक्षरात जे वॉट लिहिलेले असतात ते दोन्ही भोकांचे मिळून असतात की एकाचे. आणि एक टाइप-सी, एक जुनं चौकोनी असं मिश्र घ्या. २०२३ मध्ये आयफोनही टाइप-सीवर आला, युरोपात २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून फोनला ते सक्तीचंच झालं, त्यामुळे पुढचा काळ सीचा आहे हे खरं. पण आईच्या डबीची केबल चौकोनीच आहे आणि ती काही युरोपला विचारून मशीन वापरत नाही.

आता जागा. मी पहिल्यांदा पोर्ट गादीच्या पातळीला लावणार होतो, केबल कमी लागेल म्हणून. आईने बघितलं आणि म्हणाली, "चादर खोचताना रोज हात लागेल रे." बरोबरच होतं. गादीपासून वीतभर वर, उशीच्या बाजूला, तोंड आडवं. आकाशाकडे तोंड केलं तर त्यात पाणी, चिवडा, सगळं जातं. शेजारी फोनसाठी लाकडी खोबण, म्हणजे फोन गादीत किंवा उशीखाली जात नाही. चार्ज होताना फोनला हवा लागते, उशीखाली तो नुसता शिजतो. आणि पोर्टवर तो निळा दिवा असतो ना? दुकानात छान दिसतो. रात्री साडेतीन फुटांच्या बर्थमध्ये तो डोळ्यात टॉर्च मारल्यासारखा वाटतो. म्हणून प्रत्येक पोर्टला वेगळा छोटा स्विच. आईच्या पोर्टच्या दिव्यावर मात्र लाल नेलपॉलिश लावलंय, मुलीने. आईला तो दिवा दिसायला हवा होता, डबी चार्ज होतेय याची खात्री म्हणून.

कोकणात जाणाऱ्यांनी वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, कपाट उघडून सगळी थिंबलं बघावीत. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट बुरा येतो, आणि तो बुरा म्हणजे परत तोच खराब जॉइंट. कलई केलेली, चंदेरी दिसणारी वायर मिळाली तर थोडे पैसे जास्त देऊन तीच घ्या. मला तेव्हा मिळाली नाही.

मुलगी अजून त्याच बर्थवर झोपते. झोपायच्या आधी भिंतीला तळहात लावून बघते आणि वरून ओरडून सांगते, "थंड आहे." लॅपटॉप जोडलेला असला की मी विचारतो, "परत बघ." ती परत बघते.

बरं, पुढच्या भागात पाण्याच्या टाकीला येणारा वास. तुमच्या गाडीतल्या वायरींचे फोटो पाठवणार असाल तर पोर्टचे नकोत, पोर्टच्या मागचे पाठवा. भेटू.