सिवनीचा पाऊस, भंडाऱ्याचा पूर



मी हवामानशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे आज बोलणार ते आकडेमोडीच्या बाजूनं.

2020 चा ऑगस्ट आठवा. कोरोनाचे दिवस, आणि 29-30 तारखेला वैनगंगा शहरात शिरली. मुख्य पाऊस पडला होता वर, मध्य प्रदेशात. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, आणि आपण इथं आपल्याच डोक्यावरचं आभाळ पाहत होतो!

असा पाऊस वाढतोय का? पुण्याच्या आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं त्यांना 2017 मध्ये दिसलं. हवा एक अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. पण या नोंदी झाल्या मागच्या. पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी मॉडेलच लागतं.

मॉडेल म्हणजे पृथ्वीवर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत वारा, उष्णता, ओलावा यांचं गणित पुन्हापुन्हा सोडवायचं. जागतिक हवामान मॉडेलची चौकट साधारण 100 किलोमीटरची असते. आपला अख्खा जिल्हा एकीत मावेल. चौकटीच्या एका कोपऱ्यात 300 मिलिमीटर पडला आणि बाकी कोरडी राहिली, तर मॉडेल सगळीकडे थोडाथोडा पाऊस दाखवतं. अतिवृष्टी सरासरीत बुडते.

आपल्यासाठी याचा अर्थ फार सरळ आहे. सिवनीच्या पठारावर पाणी दोन वाटांनी जातं. दक्षिणेकडचं वैनगंगेत, म्हणजे आपल्याकडे. उत्तरेकडचं नर्मदेत, म्हणजे गुजरातकडे. पाऊस वीस-तीस किलोमीटर इकडेतिकडे सरकला की कोण बुडणार ते बदलतं. मोठ्या चौकटीत दोन्ही उतार एकत्र येतात.

26 मे 2025 ला आयआयटीएमनं विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. तिची चौकट 6 किलोमीटरची. आधीची 12 ची होती. पण ती पुढच्या काही दिवसांच्या अंदाजासाठी. तेवढ्याच बारकाईनं पुढचं अर्धं शतक चालवणं महाग पडतं. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. काम जवळपास आठपट. म्हणून बरेचदा ठरावीक प्रदेश आणि ठरावीक वर्षं निवडून असं मॉडेल चालवतात.

तरीही मॉडेल पाऊसच सांगेल. पाणी कोणत्या गल्लीत किती चढेल, हे सांगायला नदीचं वेगळं गणित लागतं, आणि ते तपासायला आपल्याकडचे आकडे. 2020 ची रेघ काही भिंतींवर अजून आहे. रंग मारण्याआधी मोजा: उंबऱ्यापासून किती फूट, पाणी किती वाजता आलं, किती वाजता ओसरलं. घरातल्या बायकांना विचारा; सामान माळ्यावर त्यांनीच चढवलं होतं, वेळ त्यांना नेमकी आठवते.

दाराजवळ वही ठेवली आहे. जाताना लिहून जा.