अक्षर आणि मत

मॉरिशस बेटावर इंग्रजी अमलात १९४८ साली कायदेमंडळाची निवडणूक झाली. बायकांना प्रथमच मत मिळालं. मालमत्ता नसली तरी चालेल, साधं लिहिता-वाचता यायला हवं, अशी अट होती. बासदेव बिसुनदयाळांच्या चळवळीने गावोगाव अक्षरवर्ग चालवले. मतदार ७० हजारांवर गेले. एमिलियेन रोशकूस्त निवडून आल्या. पण उसाच्या मळ्यात राबणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका बाहेरच राहिल्या. आपल्या मुलखातून तिथे गेलेल्या मराठी कष्टकऱ्यांच्या लेकीबाळीही त्यांत आल्या. १९५९च्या निवडणुकीत सर्व प्रौढांना मत मिळालं, तेव्हा त्यांची पाळी आली. सरपंचबाईच्या अंगठ्याला हसणाऱ्यांना आपण एवढंच विचारू या: शाळा नाकारली कोणी, आणि शिक्षा कोणाला?