आवाज वेळेवर यावा म्हणून

घरच्या संगणकावर गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. हेडफोन लावून गायला बसावं, तर आपलाच आवाज किंचित उशिरा कानावर येतो. ठेका चाललेला असतो, समेवर नेमकं यायचं असतं, आणि कानातला सूर मागे रेंगाळतो. गाणारा गोंधळतो, लय सैल पडते. दोष त्याच्या तालात नसतो.

संगणक सेकंदाला, समजा, ४८,००० नमुने घेतो आणि ठरावीक संख्येचा साठा भरला की तो एकदम पुढे पाठवतो. हा साठा म्हणजे बफर. १०२४ नमुन्यांचा बफर भरायलाच २१ मिलिसेकंद लागतात. आत येताना एकदा, बाहेर जाताना पुन्हा. हे चाळीसच्या वर गेलं. बफर १२८ वर आणला, तर दोन्ही मिळून साडेपाचच्या आसपास. आवाज हवेतून मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे हा उशीर तबलजी दोनेक मीटरवर बसल्याइतकाच. मैफलीत तेवढं अंतर असतंच, कुणाचं काही अडत नाही.

मग बफर कायमच लहान का ठेवू नये? साठा लहान, तर तो हातावेगळा करायला वेळही कमी. तेवढ्यात वाय-फायच्या ड्रायव्हरनं प्रोसेसर अडवला, की नमुने वेळेत पोचत नाहीत आणि तानपुऱ्याच्या सलग स्वरात ‘टक्’ उमटतं. तानपुरा असली चूक मुळीच लपू देत नाही.

म्हणून रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद करा, लॅपटॉप चार्जरला लावा, वीज वाचवण्याची सेटिंग काढा. विंडोज असेल तर ऑडिओ इंटरफेससोबतचाच आसिओ ड्रायव्हर वापरा. लिनक्सवाल्यांसाठी चांगली बातमी म्हणजे रिअल-टाइमची सोय २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मूळ कर्नेलमध्येच आली आहे. ब्लूटूथ हेडफोन मात्र गाताना नकोच. त्यांचा उशीर कुठल्याही सेटिंगनं पुरेसा कमी होत नाही.

गाताना बफर १२८, नंतर मिक्सिंगला बसलात की खुशाल १०२४. तिथे उशिरानं काही बिघडत नाही. आणि बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरची कळ असते. ती चालू केली, की तुमचा आवाज संगणकाची वारी न करता थेट कानात येतो. नव्या संगणकावर पैसे घालण्याआधी ती कळ एकदा वापरून पाहा.