मागच्या बाकाची बाजू

निडीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांना विषय दिला होता ‘चित्रपट क्षेत्रातील संधी’. पाहुणे याच शाळेचे. आता मुंबईत चित्रपटांचं संकलन करतात. माईक हातात आला आणि आधी आठवली ती दिवा-रोहा गाडी, मग पावसात दप्तर डोक्यावर घेऊन बांधावरून शाळेला येणं, मग गणिताचे सर. सर पहिल्याच रांगेत होते. ‘सर, मला तुमची अजून भीती वाटते,’ म्हटल्यावर सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या.

संधींचा विषय एका वाक्यात आटोपला: कॅमेरा खिशात आहेच, मुंबईतलं भाडं तेवढं परवडत नाही.

मग ते रंगले बुजऱ्या पोरांच्या सिनेमांत. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’तला चिन्मय वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. हुशार, पण नव्या वर्गात अंग चोरून बसणारा. किल्ल्यावर मित्र त्याला पावसात एकटं टाकून जातात, तेव्हा तो मारामारी करत नाही, बोलणं टाकतो. खलनायक नाही, तरी २०१४ साली बर्लिन महोत्सवात मुलांच्याच ज्युरीनं या सिनेमाला क्रिस्टल बेअर दिलं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मधल्या गाणं शिकणाऱ्या शरदचं तर तरुणपण सरतं, पण आपल्या गळ्यात खरंच काही आहे का, ही धास्ती सरत नाही. ती भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायक आहेत.

पाहुण्यांचा हट्ट एकच: बुजऱ्या मुलाला ‘धीट हो’ म्हणत ढकलू नका. तो मागच्या बाकावरून बघतोय, बघू द्या. हे त्यांनी पालकांना सांगितलं, शिक्षकांना सांगितलं, मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या काकांनाही सांगितलं.

म्हणणं छान, पण नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ला ते पुरत नाही. तिथला जब्या वर्गातल्या, आवडणाऱ्या शालूशी बोलत नाही, तो स्वभावामुळे नव्हे. वर्गातली पोरं बघत असताना त्याला डुक्कर धरावं लागतं. ती लाज गावानं जातीवरून लादलेली. शेवटी तो दगड उचलतोच. पाहुण्यांनी ‘फँड्री’चं नाव घेतलं आणि घाईनं पुढे गेले.

मघाशी कोळीनृत्यात पावलं चुकल्यावर एक मुलगा विंगेत पळाला होता. पाहुण्यांनी त्याला प्रेमानं स्टेजवर बोलावलं. तो आला नाही. पाहुणे खूश झाले. मुख्याध्यापिकांनी मात्र त्याला आणायला दोन शिपाई पाठवले.