गणतीबाहेरची भाषा

बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद परिसरात निहाली भाषा बोलली जाते. कोरकू व मराठीतून तिने पुष्कळ शब्द घेतले. तरी तिचे मूळ कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निश्चितपणे जुळलेले नाही. रानाशी पिढ्यान्‌पिढ्या घडलेल्या व्यवहाराचे संचित अशा भाषेत असते. रान तुटले, मजुरीसाठी गाव सुटले, की त्या शब्दांचे आणि त्यामागील विचाराचे प्रयोजनच संपते. निहालीचे भाषक सुमारे २,००० ते २,५००. १९७१ पासून जनगणनेच्या यादीत १०,००० हून कमी भाषक असलेल्या भाषांची नावेच येत नाहीत. घटनेचे कलम ३५०-अ मात्र भाषिक अल्पसंख्याकांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे आश्वासन देते. म्हणून वनहक्काच्या मागणीपत्रात कार्यकर्त्यांनी निहालीतून शिक्षणाची मागणीही नोंदविली पाहिजे.