परक्या भांडारातील नवा डेस्कटॉप



खामगावच्या कापूसबाजाराशी ज्यांचा संबंध आला, त्यांना भेसळीचे दुःख सांगावयास नको. दोन प्रतींचा कापूस एका गाठीत दाबला, की तो पुन्हा निवडता येत नाही. लिनक्सच्या संगणकाचेही तसेच आहे.

उबुंटूचे स्वतःचे भांडार असते. त्यातील प्रणाली एकमेकींशी जुळवून ठेवलेल्या असतात. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ हा नवा डेस्कटॉप निघाला. त्याच महिन्याच्या उबुंटू ११.०४ च्या भांडारात तो नव्हता. हौशी मंडळींनी तो पीपीए नावाच्या वेगळ्या भांडारातून घेतला, आणि मूळचा युनिटी डेस्कटॉप मोडला. डेस्कटॉप कधी एकटा येत नाही. इतरांच्या उपयोगाचे सामाईक घटकही तो बदलतो. पुढे ते भांडार यादीतून काढले, तरी बसलेले घटक जागीच राहतात. कारण एपीटी वरच्या क्रमांकाची आवृत्ती आपण होऊन खाली उतरवीत नाही. त्यासाठी पीपीए-पर्ज हे निराळे साधन वापरावे लागते.

तोच ग्नोम ३ ऑक्टोबरात, ११.१० च्या अधिकृत भांडारात आला. सहा महिन्यांचा धीर पुरला असता!

नव्याला आमचा विरोध नाही. परंतु ज्या कचेरीत संगणक एकच, तेथे तो बंद पडला तर खेड्यातून आलेल्या माणसाचा दाखला अडतो. हौस त्याच्या खेपेहून मोठी नव्हे, एवढेच आमचे सांगणे आहे.